गार रंग की उबदार रंग? आधी खोलीतला उजेड बघा

सांगलीत कुठल्याही रंगाच्या दुकानात जरा वेळ उभं राहिलात तरी एक वाक्य कानावर पडतंच, "आपल्याकडं ऊन लय कडक, गार रंगच घ्या." मग आकाशी, पिस्ता, फिकट जांभळा नायतर हल्ली सगळीकडं दिसणारा ग्रे असं काहीतरी ठरतं, पेंटर कामाला लागतो, आणि एप्रिल-मेमध्ये घर खरंच छान वाटतं. पण जुलैत पाऊस लागला, चार-चार दिवस ऊन दिसेना झालं की तोच हॉल उदास वाटायला लागतो, दुपारी तीनलाच ट्यूब लावावी लागते आणि घरातली माणसं म्हणतात रंग फसला. खरं तर त्या खोलीत उजेड कुठनं आणि कसला येतो हे कुणी बघितलेलंच नसतं. मी सांगली-मिरज पट्ट्यात घरांच्या इंटिरियरची कामं करते, आणि मला मनापासून वाटतं की गार का उबदार हा प्रश्न शेड कार्डावर सुटत नाही, तो त्या खोलीत उभं राहूनच सुटतो, आणि प्रत्येक खोलीचं उत्तर वेगळं निघू शकतं.

आधी गार आणि उबदार म्हणजे काय ते बघू. लाल, केशरी, पिवळा आणि त्यांच्या घराण्यातले क्रीम, बदामी, पीच, विटकरी हे उबदार. निळा, निळसर हिरवा, जांभळा आणि त्यांच्यातले आकाशी, मोरपंखी वगैरे हे गार. एवढं शाळेत चित्रकलेच्या तासालाच कळलेलं असतं. अडचण पुढं आहे, कारण घराच्या भिंतीला कुणी असा भडक लाल-निळा मारत नाही, आपण मारतो पांढरट, राखाडी, मातकट असे रंग, आणि त्यांच्या पोटात दुसरा एक रंग दडलेला असतो, त्याला अंडरटोन म्हणतात. फोडणीतल्या हिंगासारखं आहे ते, दिसत नाही पण असल्याचं लगेच कळतं. हिरव्यात पिवळा जास्त पडला की तो पोपटी होऊन उबदारकडं झुकतो, निळा जास्त पडला की गारकडं. जांभळ्यात लाल किती नि निळा किती यावर तो कुठल्या बाजूचा ते ठरतं. आणि पांढरा तर एक नसतोच, दुकानात नुसतं "पांढरा द्या" म्हणून बघा, आयव्हरीपासून सुरू होऊन इतके प्रकार पुढ्यात येतात, कशात पिवळ्याची झाक, कशात गुलाबी, कशात निळी.

आपल्या आज्ज्यांना अंडरटोन हा शब्द माहीत नव्हता पण गोष्ट पक्की माहीत होती. चुना कालवताना त्यात नीळ टाकायची पद्धत होती ना, ती ह्याचसाठी. नुसत्या चुन्यात जी पिवळट झाक येते ती निळ्यानं मारली जाते, आणि आपल्या डोळ्याला निळसर पांढरा हा पिवळट पांढऱ्यापेक्षा जास्त स्वच्छ वाटतो, म्हणून धोतर-सदऱ्यालाही नीळ. म्हणजे त्या काळी घरोघरी उबदार पांढऱ्याचा गार पांढरा करत होते, तोही उघड्या अंगणाच्या, भरपूर उन्हाच्या घरांत, जिथं तो शोभायचा. आत्ताच्या फ्लॅटमध्ये, जिथं एका बाजूला डक्ट आणि दुसऱ्या बाजूला शेजारची बिल्डिंग, तिथं तोच निळसर पांढरा दवाखान्यासारखा दिसायला लागतो.

अंडरटोन ओळखायचा कसा, हे मी एका घरातलं सांगते म्हणजे लक्षात येईल. विश्रामबागेतल्या एका काकूंनी हॉलसाठी फिकट ग्रे निवडला होता, दुकानातनं कार्डाची पट्टी आणली होती आणि तो त्यांना अगदी साधा राखाडी वाटत होता. मी म्हणलं, काकू, घरात कोरा पांढरा कागद असेल तर आणा. प्रिंटरचा कागद आणला, पट्टी त्याच्यावर ठेवली, खिडकीजवळ नेली. कागद खाली आला तसा तो राखाडी एकदम जांभळट दिसायला लागला. मग त्याच पट्टीतला सगळ्यात खालचा, सगळ्यात गडद चौकोन बघितला, तर तो उघड उघड जांभळा होता. काकू म्हणाल्या, "अगं बाई, हा तर जांभळा की गं! मला कसा दिसला नाही?" दिसत नाही, कारण फिकट शेड एकटा बघितला की डोळा त्यालाच राखाडी धरून चालतो. शेजारी खरा पांढरा आला की तुलना होते. आणि एका पट्टीतले शेड बहुतेक वेळा एकाच घराण्यातले असतात, म्हणून सगळ्यात गडद शेडमध्ये घराण्याचं खरं रूप उघडं पडतं. दुकानात उभ्या उभ्या करण्यासारखं हे काम आहे, कागद तेवढा घरनं न्या.

आता उजेडाकडं येते, कारण सगळी मेख तिथंच आहे. उजेडाला स्वतःचा रंग असतो आणि तो केल्विन ह्या एककात मोजतात. आकडा लहान तितका उजेड पिवळा-तांबूस, आकडा मोठा तितका निळसर. हे जरा उलटं वाटतं पण लोखंड तापवताना ते आधी लाल होतं, मग पिवळं, मग पांढरं, त्या हिशोबानं ही मोजणी ठरलीय. जुना तारेचा बल्ब साधारण २७०० केल्विन, भर दुपारचं ऊन ५५०० च्या आसपास, ढगाळ दिवसाचा उजेड ६५०० आणि त्याच्या वर, आणि ऊन न येता नुसत्या निळ्या आभाळाचा जो उजेड सावलीत येतो तो १०,००० च्याही पुढं जातो. म्हणजे एकच भिंत सकाळी, दुपारी आणि पावसाळ्यात वेगवेगळ्या रंगाचा उजेड परत फेकत असते. आपला डोळा आणि मेंदू त्याची बरीच भरपाई करतात म्हणून आपल्याला कागद कायम पांढराच वाटतो, पण ती भरपाई पूर्ण होत नाही, आणि फिकट रंगांत जी काही झाक उरते ती तिथंच जाणवते. मोबाईलचा कॅमेरापण आपल्या मनानं अशीच भरपाई करतो, म्हणून पुण्यातल्या वन्संनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला "आमच्या हॉलचा रंग" बघून शेड ठरवू नका प्लीज.

मग दिशा. इंटरनेटवर जिकडं तिकडं लिहिलेलं असतं की उत्तरेची खोली थंड, तिला उबदार रंग द्या. हे बहुतेक युरोप-अमेरिकेतल्या घरांसाठी लिहिलेलं असतं, जिथं हिवाळ्यात सूर्य दुपारीही क्षितिजाला टेकल्यासारखा असतो. सांगली सतरा अंश अक्षांशाच्या जरा अलीकडं आहे. आपल्याकडं मेच्या पहिल्या आठवड्यानंतर ते ऑगस्टच्या सुरवातीपर्यंत सूर्य दुपारी डोक्यावरून किंचित उत्तरेकडंच असतो, आणि त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ उत्तरेच्या खिडकीतनं तिरपं ऊन आत येतंसुद्धा. डिसेंबरातही दुपारचा सूर्य जवळपास पन्नास अंश वर असतो. त्यामुळं आपल्याकडची उत्तरेची खोली गारठलेली नसते, ती मऊ, स्थिर उजेडाची असते आणि मेमध्ये घरातली सगळ्यात सुखाची खोली तीच. तिथला उजेड मात्र आभाळाचा, म्हणजे निळसर, आणि आकाशी भिंत त्याच्यात आणखी निळी आणि थोडी मळकी होते. म्हणून मी उत्तरेला थोडासा पिवळा किंवा गुलाबी पोटात असलेला पांढरा, नायतर फिकट बदामी सुचवते. भडक पिवळा नको, त्याची गरज नसते.

पश्चिमेची गोष्ट एकदम वेगळी. कुपवाड रोडला नायतर मिरजेकडं नवीन झालेल्या बिल्डिंगांत ज्यांची बेडरूम पश्चिमेला आहे त्यांना विचारा, चार वाजल्यापासून दिवेलागणीपर्यंत खोली तांबूस पिवळ्या उजेडानं भरलेली असते. तिथं पीच किंवा केशरी मारला तर संध्याकाळी भिंत पेटल्यासारखी दिसते आणि आधीच तापलेल्या खोलीत जीव घाबरतो. तिथं गार रंग शोभतात, फिकट निळसर राखाडी, थोडा करडा हिरवा, आणि गंमत म्हणजे संध्याकाळचं ऊन त्यांच्यावर पडलं की ते कोरडे न वाटता छान मवाळ होतात. पूर्वेला सकाळचं कोवळं ऊन आणि नंतर दिवसभर आभाळाचा उजेड, म्हणून ती खोली तुम्ही सकाळी वापरता का दुपारनंतर ह्याच्यावर ठरवा. दक्षिणेला दोन्ही चालतं, छज्जा किती मोठा ते बघायचं फक्त.

पण खरं सांगू का, दिशेपेक्षाही जास्त घोळ बल्ब घालतात. आपण दिवसभर कामावर, पोरं शाळा-क्लासला, घर आपण बघतो ते रात्री, आणि आपल्याकडं बहुतेक घरांत वरती लागलेली असते ६५०० केल्विनची एलईडी ट्यूब, बॉक्सवर कूल डेलाइट लिहिलेली. रात्रीच्या वेळी, बाहेर अंधार असताना, हा निळसर पांढरा उजेड गार रंगाच्या भिंतीवर पडला की घर ऑफिस वाटायला लागतं. वर ज्या काकूंचं सांगितलं त्यांच्या हॉलमध्ये हेच झालं असतं, जांभळट ग्रे आणि वर दोन-दोन ट्यूबा. अशा वेळी लोक रंग बदलायचा विचार करतात, मी म्हणते आधी बल्ब बदलून बघा. ४००० केल्विनला न्यूट्रल व्हाईट म्हणतात, तो हॉलसाठी मला सगळ्यात योग्य वाटतो, आणि बेडरूमला २७०० ते ३०००, म्हणजे वॉर्म व्हाईट. दोन-चारशे रुपयांत काम भागतं आणि भिंत निराळीच दिसते. बॉक्सवर सीआरआय असाही एक आकडा असतो, त्या दिव्याखाली रंग किती खरे दिसतात त्याचा, शंभरपैकी, नव्वदच्या पुढचा मिळाला तर घ्या, विशेषतः आरसा आणि ओट्यावर. दोन रंग दुकानात अगदी जुळलेले असतात आणि घरच्या दिव्याखाली वेगळे पडतात, भिंत आणि पडद्याच्या बाबतीत हे फार होतं, त्यामागंही हेच कारण.

आता तो गारव्याचा मुद्दा. आतल्या भिंतीला निळा दिला म्हणून खोलीचं तापमान कमी होत नाही, थर्मामीटरला काही फरक पडत नाही, मनाला थोडा गारवा वाटतो इतकंच. वरच्या मजल्यावर मेमध्ये जी भट्टी होते ती तापलेल्या स्लॅबमुळं आणि पश्चिमेच्या भिंतीमुळं. तिथं उपाय बाहेरनं करायचा, गच्चीवर उन्हाला परत फेकणारा पांढरा थर, बाहेरच्या पश्चिम भिंतीला फिकट रंग. बाहेर गडद चॉकलेटी किंवा काळपट ग्रे, जो हल्ली नवीन बंगल्यांना फार मारतात, तो ऊन पिऊन घेतो आणि रात्री उशिरापर्यंत आत सोडत बसतो. बाहेर गार-उबदार ह्याला फारसं महत्त्व नाही, फिकट का गडद ह्याला आहे.

फिकट-गडद आतही महत्त्वाचं आहेच. गार रंगानं खोली मोठी दिसते असं सगळे सांगतात, पण त्यात रंगाच्या गारपणाचा वाटा थोडा आणि फिकेपणाचा जास्त. फिकट क्रीमनं खोली मोठी दिसते आणि गडद नेव्ही ब्ल्यूनं लहान दिसते, स्वतः बघा. कंपन्या प्रत्येक शेडचा एलआरव्ही देतात, म्हणजे तो रंग पडलेल्या उजेडातला किती परत फेकतो, काळा शून्याजवळ आणि पांढरा शंभराजवळ. सांगलीच्या गावभागातल्या जुन्या घरांत, जिथं मधल्या खोलीला खिडकीच नाही, तिथं सत्तरच्या खाली जाऊच नका, मग तो गार असो का उबदार.

फरशी विसरू नका. उजेड फरशीवर पडतो आणि तिथनं भिंतीवर जातो, फरशीचा रंग घेऊन. शहाबादी असेल तर निळसर राखाडी, कोटा असेल तर हिरवट, आणि नवीन घरांत व्हिट्रीफाइड टाइल्स, बहुतेक वेळा आयव्हरी. आयव्हरी टाइल्सवर निळसर पांढरी भिंत उभी केली की फरशी पिवळी, जुनी, न पुसलेली वाटायला लागते. फरशी तीच असते, शेजार बदललेला असतो. शेव्रल नावाच्या फ्रेंच केमिस्टकडं पॅरिसच्या गोबेलां कारखान्यात अशीच तक्रार आली होती की काळा रंग फिका पडतो, त्यांनी तपासलं तर डाय चांगलाच होता, शेजारी विणलेल्या रंगांमुळं तो फिका दिसत होता, आणि १८३९ मध्ये त्यांनी ते सगळं सविस्तर मांडलं. म्हणून जे बदलायचं नाही ते आधी धरा, फरशी, ओट्याचा ग्रॅनाइट, दरवाजाचा सागवानी रंग, आणि भिंत त्यांच्याशी जुळवा. खिडकीबाहेर आंब्याचं झाड असेल तर हिरवा उजेड आत येणार, समोरच्याची भिंत भगवी असेल तर भगवा येणार, तेही हिशोबात घ्या.

आणि नमुना मारून बघितल्याशिवाय डबे आणू नका. पेंटरमामा म्हणतील, "मॅडम, भिंतीवरच एक हात मारून दाखवतो की," पण जुन्या रंगाच्या मधोमध मारलेला ठिगळ नीट कळत नाही. त्यापेक्षा दोन फूट बाय दोन फूट पुठ्ठा घ्या, त्याला प्रायमर, मग दोन हात रंग, कडेनं चार बोटं पांढरी सोडा आणि पूर्ण वाळू द्या, कारण इमल्शन, म्हणजे हल्ली भिंतीला मारतात तो पाण्यातला रंग, ओलं असताना जरा फिकं असतं आणि वाळल्यावर गडद होतं. चुन्याचं उलटं, तो वाळल्यावर पांढरा होतो. पुठ्ठा खिडकीच्या समोरच्या भिंतीला लावा, मग खिडकीच्याच भिंतीला लावा, तिथं तोच रंग चांगलाच काळपट दिसेल. सकाळी बघा, चार वाजता बघा, रात्री ट्यूब लावून बघा. आणि आवडला त्याच्यापेक्षा एक पायरी फिकट घ्या, कारण चारी भिंतींना रंग लागला की एका भिंतीचा उजेड दुसरीवर जातो आणि रंग आपोआप वाढतो. छोट्या चौकोनात गोड वाटलेला पिवळा खोलीभर झाला की डोळ्यावर येतो तो ह्यामुळं.

स्वयंपाकघरात मी उबदार बाजूलाच राहते. फोडणीचा धूर आणि तेल बसून भिंत कालांतरानं पिवळट होणारच, निळसर पांढऱ्यावर ते लगेच दिसतं, क्रीमवर पचून जातं. जेवायच्या जागी आणि आरशासमोर हिरवा-निळा टाळा, भिंतीचा उजेड चेहऱ्यावर नि ताटात येतो, वरण-भातसुद्धा आजारी दिसतो. पोरांच्या अभ्यासाच्या खोलीत गार फिकट चालतो. देवघराला लोक पिवळा-केशरी देतात, समईच्या उजेडात तो सुंदरच दिसतो, त्याच्यात बदल करायचं काही कारण नाही.

हॉलमध्ये एक हायलाइट भिंत विटकरी करायची असेल तर तिच्यावर वेगळा दिवा ठेवा. उजेड कमी झाला की लाल आधी काळा पडतो आणि निळा त्यामानानं उजळ राहतो, डोळ्याची रचनाच तशी आहे, पुर्किन्ये नावाच्या चेक शास्त्रज्ञानं १८१९ मध्ये हे टिपलं होतं. खर्चाचंही बघा, भडक पिवळा आणि लाल हे रंग खालचं झाकायला कमी पडतात, दोनच्या जागी तीन-चार हात लागतात, आणि बाहेरच्या भिंतीवर, ऊन लागणाऱ्या बाजूला, तेच आधी उडतात. उबदारच हवा असेल तर गेरू-काव ह्या जातीचे मातीचे रंग बाहेर घ्या, त्यात लोहाचं ऑक्साइड असतं आणि ते उन्हाला वर्षानुवर्षं दाद देत नाही.

शेवटी नदीकाठच्या घरांबद्दल वेगळं सांगायला पाहिजे. २००५, २०१९, २०२१, कृष्णेचं पाणी ज्यांच्या घरात आलंय त्यांच्या भिंती वरनं वाळल्यासारख्या दिसल्या तरी आतनं लवकर वाळत नाहीत. ओल असलेली भिंत गडद दिसते, नमुना तिथं खोटाच दिसणार, आणि घाईनं लांबी (पुट्टी) भरून इमल्शन मारलं की आतलं पाणी बाहेर यायला वाट शोधतं, खार फुटतो, पोपडे निघतात. एक उन्हाळा जाऊ द्या, तोवर चुना मारून ठेवा, चुन्यातनं भिंत श्वास घेते. आणि मग रंग देताना जुन्या घरांसारखा खालच्या तीनेक फुटाला कावेच्या रंगाचा वेगळा पट्टा ठेवा, वर फिकट क्रीम. ओलीचे डाग त्यात कमी दिसतात आणि खराब झाला तर अख्खी खोली न उकरता तेवढाच पट्टा खरवडून परत मारता येतो. त्या पट्ट्याचा शेड नंबर मात्र कुठंतरी उंचावर, फ्यूजच्या बॉक्सच्या दाराला आतनं लिहून ठेवा.